कासच्या पाण्याच्या उलट वाटेनं

आमच्या पेठेत नळाला कासचं पाणी येतं. लग्न होऊन साताऱ्यात आले त्याला चोवीस वर्षं झाली. इतकी वर्षं रोज सकाळी हंडे-कळश्या भरल्या, पण हे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं खाली येतं याचा कधी विचार केला नव्हता. उतारानं येतं म्हणजे माझ्या मोरीपासून कास तलावापर्यंत चढच आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी तो चढ मी सायकलवरून चढले. वय वर्षं सेहेचाळीस.

त्याआधीची सायकल होती ती शाळेची. माहेर रहिमतपूरजवळ, हायस्कूल चार किलोमीटरवर. आठवीत असताना, १९९१ साली, दादांनी उसाचं बिल आल्यावर मला लेडीज सायकल घेऊन दिली. त्याआधी वडिलांच्या मोठ्या सायकलवर नळीखालून पाय घालून शिकून झालं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधून कच्चा रस्ता, आणि मागे कॅरिअरवर बसलेली मैत्रीण. बारावीनंतर ती सायकल धाकट्या बहिणीकडे गेली. मग एसटी आली, मग स्कूटी. सायकल सोडायची असं मी कधी ठरवलं नव्हतं. ती सुटली एवढंच.

गेल्या ऑगस्टमध्ये तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, हा मधुमेह नव्हे, त्याचा उंबरठा आहे. आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवाच. मध्यम म्हणजे किती, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेली खूण मला फार आवडली. बोलता यायला हवं, पण गाता येऊ नये. मी भजनी मंडळात गाते, त्यामुळे हे माप कायम गळ्यापाशीच असतं.

मुलाची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. तो नोकरीला पुण्यात. टायर बदलले, चेनला तेल घातलं आणि निघाले. पहिले दोन आठवडे गुडघे इतके दुखले की हे आपल्याला झेपणारं नाही असं वाटायला लागलं होतं. तेव्हा शेजारच्या सुभेदार काकांनी फाटकातून हाक मारली. काका लष्करातून निवृत्त, वय एकाहत्तर. मंडईपासून बँकेपर्यंत सगळीकडे आपल्या काळ्या बावीस इंची सायकलवरूनच जातात.

"पोरी, शीट किती खाली घेतलंयस! गुडघं मोडशील."

दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून मी सीट अगदी खाली घेतली होती. त्यांनी पाना आणला, मला भिंतीला धरून बसायला लावलं आणि टाच पायडलवर ठेवायला सांगितली. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो आणि गुडघा जरासा वाकलेला राहतो. सीट चार बोटं वर गेली. पहिल्या दिवशी भीती वाटली, कारण थांबायचं तर सीटवरून पुढे उतरावं लागतं. आठवड्यात गुडघेदुखी कमी झाली. नव्यानं सायकल सुरू करणाऱ्या प्रत्येकीला मी आता आधी सीटबद्दलच विचारते.

दुसरी गोष्ट गिअरची. आमच्या वेळी सायकलला गिअर नव्हते. त्यामुळे चढ आला की उभं राहून जोर लावायचा, हेच पायात भिनलेलं. गिअरच्या सायकलवरही मी तेच करत होते. जड गिअरवर सावकाश, कण्हत पायडल मारायचे. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरतात, सायकल मात्र हळू जाते. त्यात काहीतरी फसवल्यासारखं वाटायचं. पण जोर मांड्यांवर कमी येतो आणि काम श्वासाकडे जातं, आणि श्वास मांड्यांपेक्षा लवकर भरून निघतो. हे अंगात मुरायला महिना गेला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर माझा रस्ता एकच होता. पोवई नाक्यावरून खाली उतरून कोरेगावच्या रस्त्याला लागायचं, माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसायचं आणि परत. जाताना उतार, येताना चढ, हे या रस्त्याचं खरं मोल. सुरुवातीला परतताना तीनदा उतरावं लागायचं. दिवाळीनंतर एकदाही उतरले नाही. दरम्यान लोकांनी बघून घेतलं, हसूनही घेतलं. एकदा एका मोटारवाल्यानं अगदी कोपराजवळून हॉर्न वाजवत गाडी काढली आणि मी रस्ता सोडून मातीत गेले. त्या दिवशी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी मागे लाल दिवा आणि अंगात पिवळं जाकीट घालून पुन्हा निघाले.

कासची कल्पना काकांची. "पाणी पितीस ना कासचं? मग बघून ये की कुठनं येतंय ते."

त्या भागात गव्यांचा वावर असतो, म्हणून काका अंधारात निघायला तयार नव्हते. साडेसहाला फटफटल्यावर समर्थ मंदिरावरून निघालो. बोगद्याच्या अलीकडे उजवीकडे यवतेश्वरचा रस्ता वळतो आणि वळल्याबरोबर चढ सुरू होतो. अंग गरम व्हायलाही फुरसत देत नाही. पुढे लहान चक्र, मागे मोठं, असा सगळ्यात हलका गिअर मी पहिल्या वळणालाच टाकला. यवतेश्वरापर्यंत पाच-सहा किलोमीटरांचा घाट. या रस्त्यानं मी शंभरदा तरी मोटारीतून गेले असेन. पण तिसरं वळण दुसऱ्यापेक्षा किती उभं आहे, ते मोटारीत कळत नाही. भिंतीकडून वळलं तर चढ जास्त आणि दरीकडून वळलं तर थोडा सोपा, हे त्या दिवशी पायांना कळलं. पण डावीकडच्या वळणांवर दरीची बाजू समोरून येणाऱ्यांची, त्यामुळे तिथं अवघड वळणच घ्यावं लागतं.

तिसऱ्या वळणाला माझा श्वास वर अडकला. आत घेतेय, घेतेय, तरी पुरत नाही. काका पुढे सायकल हातात धरून चालत होते. त्यांच्या सायकलला एकच गिअर, त्यामुळे उभ्या वळणांवर ते सरळ उतरतात. ते मागे न बघता म्हणाले, "दम घेऊ नगंस, सोड. सोडला की आपसूक आत येतोय." मी तोंडानं फूं करून सगळी हवा बाहेर टाकली, एकदा, दोनदा, दहादा. छातीतली घट्ट गाठ सैल झाली. भजनात लांब ओळ संपताना आम्ही हेच करतो, पण घाटात ते आठवलं नव्हतं.

पाचव्या का सहाव्या वळणावर मीही उतरले आणि काकांच्या बरोबरीनं चालले. हातात धरून चालताना पोटऱ्यांना वेगळा ताण पडतो, मांड्यांना विश्रांती मिळते. दोनशे पावलं चालून परत बसले. मागे वळून पाहिलं तर सूर्य वर आला होता आणि अजिंक्यतारा त्याच्या पुढे काळा दिसत होता, वरचे मनोरे सुईसारखे. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला अजिंक्यतारा मान वर करून बघायची सवय असते. इथं तो माझ्या डोळ्यांच्या पातळीवर आला होता. खाली आमची पेठ धुक्यात आणि चुलींच्या धुरात बुडालेली. मी किती चढून आले, हे घड्याळापेक्षा त्या किल्ल्यानं नीट सांगितलं. तेव्हा मात्र डोळे भरून आले.

यवतेश्वराला नमस्कार करून पुढे निघालो. इथून रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. डावीकडे उरमोडीचं खोरं, उजवीकडे वेण्णेचं. एका बाजूला उरमोडी धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला कण्हेरचं, आणि मधल्या अरुंद माथ्यावरून आपण. दक्षिणेला सज्जनगड आणि त्यामागे चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या. चढ-उतार आहेत, पण दम परत मिळवून देणारे. मी काकांशी बोलत होते आणि बोलता बोलता लक्षात आलं की आपण बोलतोय. मग मुद्दाम एका अभंगाची पहिली ओळ म्हणून पाहिली. अर्ध्यावर तुटली. डॉक्टरांचं माप बरोबर होतं.

पेट्रीच्या पुढे एका टपरीवर थांबलो. काकांनी पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले, मी केळी. चहावाल्या आजींनी माझ्याकडे आणि सायकलकडे पाहून विचारलं, "साताऱ्यावनं पायानं हाणत आलीस व्हय?" आणि चहाचे पैसे काकांकडून घेतले, माझ्याकडून नाही.

कास पठार डिसेंबरात पाहायला कुणी येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर इथं फुलं पाहायला माणसांची रांग असते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून तर जास्तच. आता गेंद नाही, सीतेची आसवं नाहीत, तेरडा नाही. जांभ्याचा तपकिरी खडक, त्यावर वाळलेलं सोनेरी गवत आणि टोपली कारवीची झुडपं. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. खडकावरचा मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर. एवढ्याशा मातीत पावसाळ्यात एवढी फुलं येतात. सायकल रस्त्यावरच उभी केली आणि कडेनंच पाहिलं. हे पठार १२०० मीटरच्या आसपास उंच, सातारा सातशेच्या थोडा वर. वारा बोचरा होता, पण अंग आतून गरम होतं. माझ्या मते कास पाहायचं तर एकदा तरी असं, फुलांशिवाय पाहावं.

पठारावरून तलावापर्यंत उतार. झाडीतून एकदम पाणी दिसतं. दहा वाजायला आले होते. काठावर बसून मी बूट काढले. काका म्हणाले, "पाय घालू नगंस, पाणी प्यायचंय आपल्याला." मी बोटं मागे घेतली. आम्ही अर्धा तास तिथं बसून होतो, फारसं न बोलता. सातारा डोंगरांपलीकडे कुठेतरी खाली होता आणि हे पाणी तिकडेच निघालं होतं.

परत निघण्याआधी काकांनी कालचं वर्तमानपत्र काढलं, त्याच्या दोन घड्या केल्या आणि स्वेटरच्या आत छातीवर धरायला दिल्या. घामेजलेल्या अंगावर उताराचा वारा लागला की अंग गारठतं. कागद वारा अडवतो. घाट उतरताना ब्रेक सलग दाबून ठेवायचे नाहीत, दाबायचे आणि सोडायचे, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. दोनदा थांबून रिमला हात लावून पाहिला, चांगलीच तापली होती. पायांना काम नव्हतं, पण पंजे दुखून आले. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर झाले. दुपारी दीडला घरी. पिठलं-भाकरी खाऊन जी झोपले ती दिवेलागणीलाच उठले.

जानेवारीतल्या तपासणीत तो सरासरी साखरेचा आकडा ५.९ आला. डॉक्टरांनी आणखी तीन महिन्यांनी बोलावलंय.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला. पाणी यायच्या वेळी नळानं आधी नेहमीसारखा सूं असा हवेचा आवाज केला. मी हंडा बाजूला सरकवला आणि सायकलची रिकामी बाटली धारेखाली धरली.