खोली रिकामी असेल तरच ब्रश ओला

पुण्यात सिंहगड रोडला आम्हा रंगाऱ्यांबद्दल विचारलंत तर लोक सांगतील, काम चांगलं आहे, पण माणूस तिरसट. सामान हललेलं नसेल तर दारातून परत जातो. खरं आहे, जातो. का जातो, ते एकदा लिहूनच टाकतो.

सुरुवात मी आणि मिस्त्रीमामा, दोघांनीच केली. पेठेतल्या वाड्यांना चुना मारायचो. चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात नीळ आणि डिंक. मामांकडे चढून उभं राहायचा एक लाकडी घोडा, दोन कुंचले आणि जुना रंग खरवडायला करवतीच्या जुन्या पात्याचा केलेला पत्रा होता. तो पत्रा अजून आहे. बाजारातला नवा पत्रा पापुद्र्याबरोबर प्लास्टरही उचलतो, मामांचा फक्त पापुद्रा उचलतो. नवा ब्रश ते आजही आदल्या रात्री पाण्यात घालतात आणि सकाळी तळहातावर झटकून सुटे केस काढतात. पोरं हसतात. मग भिंतीवर चिकटलेले केस नखाने काढत बसतात.

चुना गेला, डिस्टेंपर आला, मग प्लास्टिक पेंट. मधली वर्षं बरी गेली.

ते वर्ष आलं तेव्हा दिवाळी अडीच आठवड्यांवर होती. एका सोसायटीत दोन बेडरूमचं काम. आदल्या दिवशी फोनवर विचारलं, सामान झालं का? "हो हो, या तुम्ही." सकाळी आठला गेलो तर कपाटं भरलेली, माळे भरलेले, पलंगावर कपड्यांचा डोंगर. मी परत फिरायला हवं होतं. सिझन होता, मोह पडला. घरातली सगळी माणसं हाताला लागेल ते हाताला लागेल त्या पिशवीत कोंबत होती आणि आमची पोरं लांबीचं, म्हणजे भिंतीला लावायच्या पुट्टीचं, घमेलं घेऊन मधे उभी.

संध्याकाळी वहिनींच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात.

पुढचं सांगायला नको. आमच्याकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा रात्री अकरापर्यंत चौकीत बसला. आम्ही पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर फर्मचं नाव. आठ दिवसांत दिवाळीची अकरा कामं रद्द झाली. डीलरने उधारी थांबवली. रंग आणून ठेवलेला, शेड मिसळलेली. मिसळलेला डबा कोण परत घेतो? त्या पाटल्यांपायी आमच्या हिच्या पाटल्या गहाण पडल्या. आणि ज्याला मी स्वतः मास्किंग टेप सरळ लावायला शिकवलं, त्या माझ्या जुन्या हेल्परने त्याच सोसायटीचं बाहेरचं काम घेतलं आणि कार्डावर 'विश्वासू कामगार' असं छापलं. आधी ती ओळ नव्हती. माझ्याकडे त्याचं जुनं कार्ड आहे.

थंडी पडल्यावर स्वेटरची पिशवी उघडली, त्यात पाटल्या निघाल्या. त्या सकाळी पिशवी बहिणीकडे गेली होती. साहेबांचा फोन आला, आवाज एकदम खाली. "सापडल्या बरं का. झालं गेलं विसरून जा." ग्रुपवर टाका म्हटलं, तर म्हणाले बघतो. अजून बघतायत. तो पोरगा परत आला नाही, चाकणला कंपनीत लागला. हात फार साफ होता त्याचा.

तेव्हा तारलं नारायण पेठेतल्या आजींनी. दोन वर्षांपूर्वीच रंगवलेलं घर त्यांनी पुन्हा काढलं आणि किल्ली माझ्या हातात देऊन आळंदीला गेल्या. आजींसारखं घर लावून देणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. पडदे उतरवून धुवायला. राहणाऱ्या खिळ्याभोवती पेन्सिलीने गोल, काढायच्या खिळ्यावर फुली. यजमानांचा फोटो स्वतः उतरवून पदरात गुंडाळणार. आणि मोरीत एक जुनी बादली, तिला चिठ्ठी, 'रंगाची'. नाहीतर लोक स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ब्रश धुवायला सांगतात आणि नळी तुंबली की आमच्या नावाने ओरडतात.

आता ऐका. दागिने, कागद आणि रोकड आदल्या दिवशीच घराबाहेर, बँकेत नाहीतर भावाकडे. लोखंडी कपाट खोलीबाहेर न्यायची गरज नाही, रिकामं करून भिंतीपासून दोन फूट ओढा, बाकी झाकणं आमचं. झाकायला वर्तमानपत्र नको, लांबी घासताना उडणारी पूड त्यातून जाते आणि ओला कागद फरशीला चिकटतो. एसी उतरवायला एसीवाल्याला आधी बोलवा. भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधा, भिंत वाळू द्या, मग आम्हाला फोन करा. ओलीवर लांबी मारली की दोन पावसाळ्यांत फुगते आणि बदनाम होतो रंगारी. जुन्या ऑइल पेंटच्या दारांमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या दारांचा भरवसा नाही. म्हणून ती आम्ही वॉटर पेपरने ओली घासतो. लहान मुलं तेवढे दिवस आजोळी पाठवा.

आणि मापावरून भांडू नका. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, म्हणजे चार भिंतींचे 400 आणि छताचे 100. दारं-खिडक्या वजा केल्या तरी शंभर फुटांच्या खोलीचं माप चारशेच्या वरच येतं. दर महिन्याला कुणीतरी मला कार्पेट एरिया दाखवतं. अहो, आम्ही फरशी रंगवत नाही. कंपनी डब्यात बक्षिसाचं टोकन घालते, तेही रंगाऱ्याचं असतं, त्यावर डोळा ठेवू नये.

आता काम सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी मामा स्वतः जाऊन खोली बघतात. रिकामी असेल तर दाराच्या मागे पेन्सिलीने तारीख टाकतात. ती दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी पोरं निघतच नाहीत.

पितृपक्षात आमच्याकडे तारखा मोकळ्या असतात. लोक तेव्हा काम काढत नाहीत. मामा म्हणतात, पितरांना काय कोळिष्टकं आवडतात? त्या पंधरवड्यात मजुरीत दहा टक्के सूट देतो. ती सोसायटी सोडून.