आमची वाटचाल : बारा बोअरच्या बंदुकीपासून नेमबाजांच्या पिस्तुलापर्यंत

शस्त्र कायदा १९५९ चा असला, तरी तो प्रत्यक्ष अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी, आणि त्यानंतर थोड्याच काळात आमच्या आजोबांनी कोल्हापुरात शस्त्रविक्री व दुरुस्तीचा परवाना काढला. त्या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदूक विकायलाच नव्हे, तर दुरुस्त करायलाही परवाना लागतो, ही गोष्ट आजही पुष्कळांना ठाऊक नसते. ‘नुसती एक स्प्रिंग बदलायची आहे’ असे म्हणत कोणी परवाना न दाखवताच पिशवीतून पिस्तूल काढू लागला, तर आम्ही ते हातातही घेत नाही. हत्यारावरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक जुळवून पाहायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि मगच पेटी उघडायची, हा आजोबांनी घालून दिलेला क्रम तीन पिढ्यांत बदललेला नाही.

आजोबांचे गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी होते. उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची बंदूक बहुतेक मोठ्या वाड्यांत असे आणि तिचा दस्ता तडकला, घोडा अडकला किंवा नळीला गंज धरला की ती आमच्याकडे येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला, नवे परवाने मिळणे हळूहळू अवघड होत गेले आणि वडिलांच्या काळात दुकान मुख्यतः हत्यारे सांभाळण्याच्या भाड्यावर चालले. मालक परगावी गेला, परवान्याचे नूतनीकरण रखडले किंवा निवडणुकीची आचारसंहिता लागली, की बंदुका आमच्या तिजोरीत जमा होत. तो काळ व्यवसायाच्या दृष्टीने मंदीचा होता, पण वडील त्याच काळात खरे काम शिकले. कोल्हापूरच्या पावसाळ्यात नुसते ठेवलेले हत्यार रोज वापरल्या जाणाऱ्या हत्याराच्या आधी खराब होते, आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवलेले तर त्याहूनही आधी, कारण चामडे ओल धरून ठेवते. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बंदूक म्यानातून काढून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसण्याचे काम शाळेत असताना माझ्याकडे होते. मला त्याचा मनस्वी कंटाळा येत असे.

दुकानाला पुन्हा दिवस आले ते नेमबाजीमुळे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन (पोटावर झोपून नेम धरण्याच्या) रायफल प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. तोवर पिस्तूल म्हटले की आमच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे स्वसंरक्षणासाठी घेतलेले, कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणारे .३२ बोअरचे हत्यार येत असे. आता आठवड्याला काहीशे गोळ्या झाडणारी मुले-मुली आणि त्यांचे चिंताग्रस्त पालक दुकानात येऊ लागले. त्यांच्याकडची परदेशी बनावटीची, हाताच्या मापाने मूठ करून घेतलेली सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुले मी तोपर्यंत फक्त चित्रात पाहिली होती आणि पहिले पिस्तूल उघडताना माझे हात थरथरत होते, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

पंचवीस मीटर प्रकारातले हे पिस्तूल .२२ बोअरचे, म्हणजे ५.६ मिलिमीटरचे असते. नियमानुसार त्याचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त आणि नळीची लांबी १५३ मिलिमीटरपेक्षा अधिक असून चालत नाही, तसेच ते ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते. काडतूस हलके असल्यामुळे नळी आणि बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता ठोकळा, एकमेकांत अडकवून ठेवण्याची गरज नसते. बोल्टचे वजन आणि मागच्या स्प्रिंगचा दाब एवढ्यावरच गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मागची बाजू बंद राहते आणि त्यानंतर बोल्ट मागे सरकून रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. ही रचना दिसायला साधी असली, तरी स्प्रिंग थोडी थकली किंवा बोल्टच्या मार्गात घाण साचली की पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते, आणि नेमबाजाच्या भाषेत ‘जॅम’ म्हणतात तो प्रकार ऐन मालिकेत, म्हणजे ठरावीक वेळात झाडायच्या गोळ्यांच्या फेरीत, घडतो.

मागणीनुसार बनवलेले पिस्तूल कोरे करकरीत असते, म्हणून त्याला देखभाल नको, हा समज आम्हाला सर्वांत जास्त वेळा खोडून काढावा लागतो. कारखान्याने गंज लागू नये म्हणून लावलेले दाट तेल प्रवासात अधिकच घट्ट झालेले असते. ते न पुसता गोळ्या झाडल्या, की शिशाच्या गोळीवरचे मेण, अर्धवट जळलेली दारू आणि ते तेल मिळून काकवीसारखा चिकट थर तयार होतो व तो नेमका एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखाखाली बसतो. म्हणून नवे पिस्तूल पहिल्या गोळीच्या आधी आम्ही एकदा पूर्ण उघडतो आणि सुमारे तीनशे गोळ्यांनंतर पुन्हा बोलावतो. तोपर्यंत बोल्ट कुठे घासतो आहे ते धातूवर चकाकणाऱ्या जागांवरून कळते. तेलाचा थेंब लावायचा तो त्या जागांवरच, इतरत्र नाही, कारण जास्तीचे तेल धूळ ओढते.

उघडण्याची आमची रीत ठरलेली आहे. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरायची डबी, काढायचे, बोल्ट मागे ओढून अडकवायचा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, उजेडात डोळ्यांनी पाहायचे आणि मग करंगळीने चाचपायचे, कारण एकट्या डोळ्यांवर विसंबलेल्या माणसांच्या गोष्टी या व्यवसायात काही कमी नाहीत. त्यानंतर लाकडी मूठ काढून बाजूला ठेवायची, कारण सफाईचे द्रावण लाकडात मुरले की ते फुगते आणि हाताला बसलेले माप बिघडते. मग कारखान्याच्या आकृतीप्रमाणे बोल्ट, स्प्रिंग आणि तिची दांडी काढून पांढऱ्या कापडावर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायची. जोडताना तीच ओळ उलट वाचायची. नळी शक्यतो चेंबरच्या बाजूने साफ करायची, म्हणजे पुढचे टोक घासले जात नाही. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, पाहायचे, त्यातली स्प्रिंग दाबून पाहायची. चापाची यंत्रणा मालकाने घरी उघडू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्याचप्रमाणे .२२ च्या पिस्तुलात रिकामा चाप ओढू नये, कारण फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटणारी असते आणि काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडू शकते.

हे सर्व आम्ही चुका करूनच शिकलो. सुरुवातीच्या काळात एका पिस्तुलाची एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, माझ्या चिमट्यातून सुटली आणि उघड्या खिडकीतून थेट मागच्या अंगणात गेली. त्या दिवशी आई, मी आणि शेजारचा एक मुलगा दोरीला लोहचुंबक बांधून संध्याकाळपर्यंत तुळशीवृंदावनाभोवतीची माती उपसत होतो. आईला केसाच्या दोन पिना आणि एक जुने नाणे मिळाले, पण स्प्रिंग मिळाली नाही. नवी परदेशातून यायला दीड महिना लागला आणि त्या काळात पिस्तूल ज्याचे होते त्या नेमबाज मुलाने दुसऱ्याचे पिस्तूल मागून सराव केला. तेव्हापासून स्प्रिंग असलेला प्रत्येक भाग आम्ही मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून सोडवतो. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते.

दुसरी चूक याहून महागात पडली. या प्रकारात चापाचा भार किमान १००० ग्रॅम असावा लागतो, म्हणजे चापाला अडकवलेले तेवढे वजन चाप न सुटता उचलले गेले पाहिजे, आणि एका मुलीच्या आग्रहावरून मी तो बरोबर १००० ग्रॅमवर आणून दिला. दुकानात वजन उचलले गेले, स्पर्धेच्या ठिकाणी तपासणीच्या टेबलावर मात्र चाप सुटला. तिला घाईघाईने स्क्रू फिरवून चाप जड करून घ्यावा लागला आणि त्या अनोळखी चापाने ती पहिल्या मालिकेतच मागे पडली. तिचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत, हेच मला अधिक लागले. आता कोणी कितीही गळ घातली, तरी आम्ही १०३० ग्रॅमच्या खाली जात नाही आणि वजन लागोपाठ दहा वेळा उचलून दाखवतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ च्या जुलैत, मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडले आणि मौल्यवान मिनिटे दुरुस्तीत गेली. ते दहा मीटरचे हवेचे पिस्तूल होते, त्याची रचना वेगळी. तरीही त्या आठवड्यात आमच्याकडे जितके फोन आले तितके त्याआधीच्या वर्षभरात आले नव्हते. स्पर्धेच्या आधी पिस्तूल तपासून घेण्याची सवय कोल्हापुरात तेव्हापासून लागली, असे माझे निरीक्षण आहे. तपासणी स्पर्धेच्या आदल्या दिवशी करून घेऊ नये, हे मात्र अजून पटवून द्यावे लागते. उघडून जोडलेल्या पिस्तुलातून निदान पन्नास गोळ्या झाडून पाहायला वेळ मिळाला पाहिजे.

मुठीचे काम आता माझी पत्नी पाहते. अक्रोडाच्या लाकडाची तयार मूठ घेऊन ती नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे कुठे कानसीने उतरवायची, कुठे लाकडी पुटीने भरायची, हे तिच्या हाताला माझ्यापेक्षा चांगले कळते. घाम येणारा तळवा आणि कोरडा तळवा यांना वेगळा खडबडीतपणा लागतो, त्यामुळे एका मुठीसाठी नेमबाजाला तीन-चार वेळा यावे लागते. वाढत्या वयाच्या मुलांना तर वर्षभराने पुन्हा.

मुलगा अभियांत्रिकीची पदविका घेऊन गेल्या वर्षी दुकानात बसू लागला. त्याच्या आग्रहामुळे आम्ही अल्ट्रासोनिक सफाईचे यंत्र घेतले आहे. लाकूड आणि रंग दिलेले भाग त्यात जाणार नाहीत, आणि बाहेर काढलेला प्रत्येक भाग लगेच कोरडा करून तेलाचा हात दिल्याशिवाय तो जेवायला उठणार नाही, या दोन अटी मी घातल्या होत्या. पुसण्यासाठी तो बाजारातून मऊ कापडाचे तुकडे आणतो. मी अजून जुनी धोतरेच फाडतो. ती आता मिळत नाहीत, म्हणून ओळखीच्या दोन घरी आधीच सांगून ठेवले आहे.