अजून तो स्टिकर कशाला?

मंडळाच्या गणपतीत हिशेबासाठी लॅपटॉप उघडला की कुणीतरी विचारतंच, "अजून तो ४०९ चा स्टिकर? घरात लहान मुलं आहेत ना?" दुसरं वाक्य दरवेळी कुणी बोलत नाही, पण मला ऐकू येतं.

जो पॅटर्नो म्हणजे पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हेड कोच, ४०९ म्हणजे त्याने जिंकलेले सामने, आणि त्याच्या जुन्या सहायकाने, जेरी सँडस्कीने, लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केले, हे इकडे कुणाला सांगायला नको. माझं तेवढं सांगतो. २००८ साली सांगलीहून पेन स्टेटला पीएचडीला गेलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी रात्र रात्र बसायचो त्या लायब्ररीला फुटबॉल कोचचं नाव होतं, आणि तिच्यासाठी त्याने पदरचे पैसे घातले होते. १९६६ पासून एकाच ठिकाणी हेड कोच. जाड भिंगांचा चष्मा, वर दुमडलेली पँट, खेळाडूंच्या जर्सीवर नाव नाही, आधी अभ्यास मग खेळ. आमचे पीटीचे मास्तरच! देव्हाऱ्यात बसवायला मला एवढं पुरलं.

९ नोव्हेंबर २०११, रात्री दहाच्या सुमारास विद्यापीठाच्या विश्वस्तांनी जाहीर केलं, पॅटर्नोला काढलं. त्याला कळवलं फोनवरून. सेहेचाळीस सीझन, आणि फोनवरून! जाकीट चढवून मी रस्त्यावर उतरलो. हजारो पोरं होती. घसा बसेपर्यंत त्याच्या नावाने ओरडलो. पोरांनी टीव्हीवाल्यांची व्हॅन आडवी केली तेव्हा मी वीस फुटांवर होतो. व्हॅनला हात लावला नाही, हे पुढे बरीच वर्षं मी ऐटीत सांगायचो. ती कलंडताना जो जल्लोष झाला, त्यात माझाही आवाज होता, हे नाही सांगायचो.

पेपर स्प्रेने चुरचुरणारे डोळे घेऊन खोलीवर आलो. सँडस्कीवरच्या आरोपांचा, ग्रँड ज्युरीचा (खटल्याआधी पुरावे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा) तेवीस पानी अहवाल लॅपटॉपवर शनिवारपासून उघडा होता. पहिल्या पानापुढे गेलोच नव्हतो. डोळे धुतले आणि वाचायला बसलो. मुलांना नावं नव्हती. पीडित १, पीडित २, असं करत ८ पर्यंत. बाकीचं इथे लिहीत नाही.

शुक्रवारी ओल्ड मेनसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर, त्या मुलांसाठी मेणबत्त्या लावल्या. मीही गेलो. आजूबाजूला बुधवारचेच कितीतरी चेहरे होते.

तेव्हा मी भांडायचो, की २००१ मध्ये सँडस्कीबद्दल कानावर आलं ते पॅटर्नोने वर कळवलं, आणखी काय करायचं होतं? 'वर कळवलंय' हे आपल्याला काय नवीन आहे! पण त्या गावात पॅटर्नोच्या वर होतं कोण? आपण आणखी काहीतरी करायला हवं होतं, हे शेवटी तोही म्हणाला. तरी तेव्हाच्या मला सरळ मूर्खात काढवत नाही. २०१२ मध्ये पॅटर्नोचा पुतळा हलवला, त्याचे १११ विजय रद्द केले, ४०९ चे २९८ झाले. ते सामने घाम गाळून जिंकणाऱ्या पोरांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

२०१५ च्या जानेवारीत विजय परत मिळाले. मी ऑफिसात होतो. आनंद झाला, लपवून काय करू? स्टिकर त्याच आठवड्यातला. पुढे लॅपटॉप बदलला, तेव्हा जुन्यावरून सोलून नव्यावर लावला. कडेला सेलोटेप आहे, बघा. म्हणजे चुकून राहिलाय असंही मला म्हणता येत नाही.