तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्धिबळाच्या टूर्नामेंट खेळणं मी का सोडलं

"भाऊ, खेळणं काऊन सोडलं?" 2025 च्या मे महिन्यापासून हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकतो. पाठ दुखते हे मी सगळ्यांना सांगितलं. पाठ दुखते हे खरं आहे, पण ती 2015 पासून दुखते आणि त्या पाठीनेच मी दहा वर्षं दर महिन्याला स्पर्धा खेळलो.

काहींनी स्वतःच कारण ठरवून टाकलं की पोट्ट्यांकडून हरायचा कंटाळा आला असेल. अजिबात नाही. नागपुरात बुद्धिबळ खेळायचं म्हटल्यावर आठ-नऊ वर्षांच्या पोरांकडून हरावंच लागतं, इथूनच रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, आपण कोणत्या गावात खेळून राहिलो हे मला माहीत होतं. त्यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. आणि मी सोडल्यावर दोनच महिन्यांनी, 28 जुलै 2025 ला, आपल्याच नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, ग्रँडमास्टर झाली, मग तर तुमचे फोन दुप्पट झाले, आता तर खेळायलाच पाहिजे म्हणून. त्या रात्री मी पण जागाच होतो. आनंदाने रडलो. आणि तरी नाही गेलो.

मे महिन्यातलीच रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांची स्पर्धा होती, सात राउंड, एक कार्यालयाचा हॉल, बाहेर 45 डिग्री आणि आत चार मोठे कूलर लावलेले. कूलरचं मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी त्याच आवाजाचा आधार घेतला. चार राउंडमध्ये माझा दीड पॉइंट होता. रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा, 1412. आणि 2024 च्या मार्चपासून फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, खालची मर्यादा 1400 केली आहे, त्याच्या खाली गेलं की यादीतून रेटिंगच जातं, आपण पुन्हा अनरेटेड. ते रेटिंग मिळवायला मला सहा वर्षं लागली होती.

पाचव्या राउंडला समोर नऊ-दहा वर्षांचा मुलगा. खुर्चीवर गुडघे टेकून बसलेला, पाण्याची बाटली टेबलाखाली. माझे पांढरे. कॅसल केलेलं, राजा पटावरच्या जी-1 या घरात, घोडा एफ-3 वर, वजीर अजून डी-1 वरच. त्याचा वजीर एच-5 वर, उंट डी-6 वर. मला एकदम दिसलं की घोडा हलवला की माझ्या वजिराचा त्याच्या वजिरावर मारा उघडतो, आणि मी घोडा धरला. उचलला. बोटभर तरी उचलला. आणि हात लावला की तोच खेळायचा, असा नियम. आणि तेव्हा दिसलं की एच-2 फक्त त्याच घोड्याने धरून ठेवलंय, तो हलला की वजीर एच-2 वर आणि मात. एच-4 किंवा ई-5 वर नेला तर मात टळते पण घोडा फुकट जातो.

मी तो परत ठेवला, जरासा फिरवून घराच्या मधोमध केला, आणि "अ‍ॅडजस्ट" म्हणालो, म्हणजे ही चाल नाही, सोंगटी फक्त नीट ठेवतोय. किंवा म्हणालो असं मला वाटतं. मग प्यादं एच-3 ला खेळून घड्याळ दाबलं.

त्याने घड्याळ थांबवलं, हात वर केला. आर्बिटर, म्हणजे पंच, आले. "अंकलने घोडा उचलला होता." एवढंच, न ओरडता. आर्बिटरनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, मी अ‍ॅडजस्ट म्हटलं होतं, कूलरच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसेल. आजूबाजूच्या बोर्डावरचे आपापल्या डावात, कोणी पाहिलेलं नाही. मग काय करणार ते, खेळा पुढे म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला, बोर्डाकडे नाही. मग "ओके अंकल" म्हणाला आणि खेळायला लागला, पण पुढच्या सात-आठ चाली त्याचा हात थरथरत होता, उंट फुकट गेला, नंतर हत्ती. मी जिंकलो. हात मिळवताना त्याने "थँक यू अंकल" म्हटलं, तसं शिकवलेलं असतं त्यांना.

बाहेर त्याची आई डबा घेऊन बसली होती. "काय झालं रे बाळा?" तो म्हणाला, "हरलो." माझं नाव नाही, घोड्याचं नाव नाही. मी तिथेच होतो, तर्री पोह्याची प्लेट हातात.

मी उरलेले दोन राउंड पण खेळलो. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी स्वतःला काय काय समजावलं. 1994 साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत खुद्द कास्पारोव्हने ज्युडिट पोल्गारसमोर घोडा एका घरात ठेवून सोडला आणि दुसऱ्याच घरात नेला, हात सुटलेला व्हिडिओत दिसला, पण ती तेव्हा सतरा वर्षांची होती, तिने तक्रारच केली नाही. जगज्जेत्याचं असं होतं तर माझं काय, असं मी म्हणत होतो. पण माझ्यासमोरच्याने तक्रार केली होती. दहा वर्षांच्या मुलाने ते धाडस केलं आणि मी त्याला खोटं पाडलं. आणि मी अ‍ॅडजस्ट म्हटलंच असेल तरी काय, नियम आधी बोलायचं आणि मग हात लावायचा असा आहे. मी स्वतः कॉलनीतल्या किती पोरांना दरडावलंय, हात लावला ना, आता तोच खेळ.

बायको म्हणते, खेळणं सोडून त्या मुलाला काय मिळालं? बरोबर आहे तिचं. मीही मला हेच विचारतो की त्याच दिवशी आर्बिटरकडे जाऊन सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, ते जमलं नाही म्हणून घरी बसणं सोपं पडलं का? असेल. पण पुन्हा बोर्डावर बसलो आणि पुन्हा 1400 च्या काठावर आलो तर माझा हात काय करेल हे मला सांगता येत नाही, आणि ते समजेपर्यंत समोर कोणाचं तरी पोर बसवायची माझी तयारी नाही.

मागच्या महिन्यात पुतण्याला सोडायला एका स्पर्धेला गेलो होतो. तो मुलगा दिसला, चांगलाच उंच झालाय. ओळखलं त्याने. "अंकल, तुम्ही खेळत नाही आता?" बोलायचंच होतं, तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, पाठ दुखते रे. "माझ्या आजोबांची पण दुखते," म्हणाला आणि पेअरिंग बघायला पळाला.