जी १०.८५ आला, तर चूक कुठे शोधायची?

साध्या दोलकाच्या प्रॅक्टिकलमध्ये दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याची लांबी आणि झोक्याचा वेळ मोजून जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा असतो; तो ९.८ मी/से² च्या आसपास यायला हवा. ते झालं की एक प्रश्न हमखास येतो: ‘माझा जी १०.८५ आला, काय चुकलं?’ आणि तितकंच हमखास उत्तर मिळतं: ‘हवेचा विरोध.’ हे उत्तर चूक आहे, आणि तेच जर्नलमधून जर्नलमध्ये उतरत राहतं याचं खरंच वाईट वाटतं. हवेमुळे झोका हळूहळू लहान होतो, पण एका दोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत यायला, लागणारा वेळ (दोलनकाल) जवळपास तोच राहतो. पितळेच्या गोळ्याला हवेमुळे पडणारा फरक ०.०२ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्यानं जी वाढत नाही, उलट किंचित कमी येतो. इथे तर उत्तर जवळजवळ अकरा टक्क्यांनी जास्त आहे.

असा प्रश्न चार जणांपुढे ठेवताना नुसतं उत्तर सांगितलं, तर समोरचे अंदाजच बांधणार. रीडिंग सांगा. लांबी कुठून कुठपर्यंत मोजली, गोळ्याचा व्यास किती, किती दोलनांना किती सेकंद लागले, गोळा किती बाजूला नेऊन सोडला. आणि हे सगळं निदान दोन वेगवेगळ्या लांब्यांसाठी. प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते, आणि ती एका रीडिंगमध्ये सहसा दिसत नाही.

१०.८५ चंच बघू. लांबी १०० सेंमी असेल, तर दोलनकाल साधारण २.०१ सेकंद, म्हणजे २० दोलनांना ४०.१६ सेकंद लागायला हवेत. समजा, टेबलात ३८.१५ लिहिलेत. फरक दोन सेकंदांचा, म्हणजे बरोब्बर एका दोलनाचा! स्टॉपवॉच सुरू करतानाच ‘एक’ म्हटलं गेलं, त्यामुळे मोजली २० पण झाली १९. सुरुवात ‘शून्य’नं करायची. ‘तीन, दोन, एक, शून्य’ असं उलटं मोजत यायचं आणि शून्याला बटण दाबायचं, म्हणजे हा घोळ होत नाही. एक दोलन जास्त झालं तर जी ८.८८ च्या आसपास येतो. आणि ३९ आला, तर गोळा मधून जाताना दर वेळी मोजलाय: एका दोलनात तो मधून दोनदा जातो, दोलनकाल निम्मा झाला की जी चौपट होतो.

मोजायचं मात्र मधूनच, एकाच दिशेनं जाताना. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मध्ये त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून क्षण नेमका पकडता येतो. मागे भिंतीवर खडूची उभी रेघ मारून ठेवावी.

लांबीतली चूक वेगळी वागते. दोरा गोळ्याच्या माथ्यापर्यंतच मोजला आणि १ सेंमी त्रिज्या मिळवायची राहिली, तर ५० सेंमीला जी ९.६० येतो आणि १०० सेंमीला ९.६९. लांबी वाढवत गेलं की उत्तर सुधारतं, ही तिची खूण. मोजणीतल्या चुकीत दोन्हीकडे सारखंच चुकीचं उत्तर येतं. म्हणून दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढायचा आग्रह धरावा. त्रिज्या विसरली तर रेघ आरंभबिंदूतून जात नाही, पण तिचा चढ बरोबरच राहतो आणि त्यावरून जी नीट निघतो. मोजणी चुकली तर रेघ आरंभबिंदूतून जाते, चढच चुकतो. हवेवर खापर फोडण्याआधी आलेखाच्या कागदावर पाच मिनिटं घालवावीत.

दोरा आडव्या सळईला नुसता गुंडाळला असेल, तर झोक्याबरोबर तो थोडा गुंडाळतो आणि सुटतो, मग लांबी एक राहतच नाही. कॉर्क मधोमध चिरून दोरा त्यात घट्ट धरायचा तो यासाठीच. वजनानं दोरा ताणला जातो, म्हणून लांबी गोळा टांगल्यावर मोजावी आणि शेवटी पुन्हा एकदा.

झोका मोठा असेल तर? १०० सेंमीच्या दोलकाला ३० अंशांवरून सोडलं, तर २० दोलनांना ४०.१६ ऐवजी सुमारे ४०.८६ सेकंद लागतात आणि जी ९.४६ च्या आसपास येतो. पाच अंशांना हा फरक ०.०२ सेकंद, म्हणजे स्टॉपवॉचला न दिसणारा. कोनमापक लागत नाही: या लांबीला पाच अंश म्हणजे गोळा सुमारे ९ सेंमी बाजूला.

उत्तर ९.७ आलं तर मात्र चूक शोधत बसू नये. बटण दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक सहज होते. ४० सेकंदांत ती अर्धा टक्का, आणि काळाचा वर्ग होत असल्यानं जीमध्ये एक टक्का. ५० दोलनं मोजली की ती ०.४ टक्क्यांवर येते. शिवाय पुस्तकातल्या ९.८१ ची वाटही बघायची नाही. मुंबईत जी ९.७९ च्या जवळ आहे, कारण विषुववृत्ताकडे तो कमी होत जातो. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसचं लंबकाचं घड्याळ दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या काएनला घेऊन गेला, तेव्हा ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि त्याला लंबक आखूड करावा लागला.