दहा ते सहा जेवण आणि रक्ताच्या तपासणीचे तीन दिवस

चतुर्थीनंतर साखर तपासली तर एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जेवणाच्या वेळा सांभाळा, मग पुन्हा बघू.

आधी मी दुपारी बारा ते रात्री आठ अशी वेळ धरली, म्हणजे खायचं ते तेवढ्यातच, कारण घरी जेवणं उशिराच होतात. महिन्याभरात वजनाचा काटा हलला नाही. मग वाचनात आलं की अमेरिकेत 116 जणांना नेमकी हीच वेळ देऊन पाहिली होती. 2020 साली त्याचे निष्कर्ष आले. बारा आठवड्यांनी त्यांच्या आणि तीन वेळा जेवणाऱ्यांच्या वजनात म्हणावा तसा फरक नव्हता. उलट 2018 च्या एका छोट्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना दुपारी तीनच्या आत शेवटचा घास घ्यायला लावला. वजन न उतरताही त्यांच्या शरीरात इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं, रक्तदाबही उतरला. तीनच्या आत मला जमणारं नव्हतं. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा केलं.

सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायचा, गरम पोई (गोव्याचा पाव) टेबलावर यायची आणि मी दहापर्यंत पाणी पीत बसायची. सासूबाई रोज म्हणायच्या, "अगो, रात्री उपाशी निजायचं असतं का?" आठवड्यात सवय झाली.

खरा त्रास झाला तो तीन महिन्यांनी, रक्त द्यायला गेले तेव्हा. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. आदल्या संध्याकाळी सहाला जेवून सकाळी साडेसातला रांगेत उभी राहिले. टोकन 41. नंबर आला तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी परत सरकवली. डॉक्टरांची सही नव्हती. डॉक्टर आले साडेनऊला. सही घेऊन परत आले तर रांग पुन्हा पहिल्यापासून. सुई टोचली तेव्हा अकराला दहा कमी होते, पोटात जवळजवळ सतरा तास काही नव्हतं. उपाशीपोटीच्या साखरेला आठ ते बारा तास पुरतात, हे तिथं कुणीतरी सांगायला हवं होतं.

बाहेर येऊन पातळ भाजी आणि दोन पाव खाल्ले. जेवणानंतर दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं, म्हणून एकला परत गेले. खिडकी बंद. रक्त साडेबारापर्यंतच घेतात. "उद्या या." उद्या गेले तर, "कालचं फास्टिंग आणि आजचं पीपी (जेवणानंतरचं) चालत नाही, दोन्ही एकाच दिवशी हवं." म्हणजे पुन्हा उपास, पुन्हा टोकन, पुन्हा रजा. दोन्ही नमुने दिले गेले ते तिसऱ्या खेपेला. माझ्या मागे एक म्हाताऱ्या काकी होत्या, त्यांना तर चक्कर आली.

आणि शेवटी डॉक्टरांनी आधी पाहिलं काय, तर एचबीए१सी. त्याला उपास लागतच नाही. साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज त्यात कळतो, रक्त दिवसा कधीही दिलं तरी चालतं. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर निदान तो नमुना तरी कुठल्याही दुपारी देऊन मोकळी झाले असते.

जाणार असाल तर खिडकी किती वाजता बंद होते ते आधी विचारा. पिशवीत खायला काहीतरी ठेवा. साध्या पाण्याला हरकत नसते. आणि हे पहिलंच लिहायला हवं होतं: साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

माझं एचबीए१सी 5.8 आलं, वजन 71 वरून 68.5. माझं मत असं की त्यातलं बरंचसं रात्रीचं फरसाण आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं शीत (भात) सुटल्यामुळे उतरलं. चीनमध्ये 139 लठ्ठ लोकांवर वर्षभर केलेल्या अभ्यासातही, दोन्ही गटांना तेवढंच कमी खायला दिल्यावर, वेळ बांधून घेणाऱ्यांचं वजन विशेष जास्त उतरलं नव्हतं. तरी मी सहाचं बंधन सोडणार नाही, कारण त्याशिवाय माझा हात डब्याकडे जातोच.

पुढची तपासणी मार्चमध्ये. चिठ्ठीवर सही आदल्या दिवशीच घेऊन ठेवणार आहे.