राधानगरीचा आराखडा आणि सडे
2012 साली पश्चिम घाटातील 39 स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्यही आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याचा कारभार मंजूर व्यवस्थापन आराखड्याप्रमाणे चालवावा लागतो. माझ्या मते या आराखड्यात दाट जंगलाइतकेच महत्त्व सड्यांना, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांना, मिळायला हवे. कारण एरवी ओसाड दिसणाऱ्या या जांभ्या कातळावर पावसाळ्यात इवलीशी जांभळी सीतेची आसवे फुलतात, आणि पुढे गवत वाळले की एका ठिणगीने वणवा पेटतो. जाळरेषांचा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचा, निधी म्हणूनच उन्हाळ्यापूर्वी हाती हवा. गव्यांनी ऊस तुडवल्यावर शेतकऱ्याला पंचनाम्यासाठी हेलपाटे घालावे लागू नयेत, याचीही तजवीज त्याच आराखड्यात व्हावी.